रिव्ह्यू कोणाचा धरायचा?

नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ अंश, आणि हा मुलगा शर्टाच्या आत दोन बनियन घालून आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेला. खुर्चीत बसतानाही खांदे पुढे झुकलेले, हात छातीवर. वय २४, मिहानमध्ये नोकरी, घर मानेवाड्याकडे. सोबत मोठी बहीण. आई-बाबांना अजून सांगितलेलं नव्हतं. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

छातीची वाढ, म्हणजे गायनेकोमास्टिया, हा त्याचा त्रास नववीपासूनचा. त्या वयात अनेक मुलांना तो होतो आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतो. याचा ओसरला नाही. दीड वर्ष जिम केली, वजन ९ किलोंनी उतरलं, छाती तशीच. व्यायामाने चरबी जाते, निप्पलमागची कडक ग्रंथी जात नाही. ऑपरेशन करायचं त्याचं ठरलं होतं, अडलं होतं ते सर्जनपाशी.

"मॅडम, दोन महिन्यांपासून नुसते रिव्ह्यूच वाचून राहिलो. एकाच डॉक्टरले कोणी देव म्हणते, कोणी कसाई. धरायचं कोणाचं?"

मोबाइलमध्ये ४० स्क्रीनशॉट होते, दोन ठिकाणांचे. एक त्वचा-केसांचं क्लिनिक: ४२ हजार रुपये, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी, आणि इन्स्टाग्रामसाठी व्हिडिओ दिला तर ७ हजारांची सूट. सरासरी ४.९. दुसरे एका हॉस्पिटलमधले सर्जन: ९० हजार, सरासरी ४.३. मुलाचा कल अर्थातच पहिल्याकडे होता.

नाक असो, पोट असो, भाजल्याचे व्रण असोत, हा प्रश्न आमच्याकडे सतत येतो. आम्ही कुणा डॉक्टरचं नाव सुचवत नाही, पण क्रम सांगतो: रिव्ह्यू सगळ्यात शेवटी उघडायचे. सर्जनचा हात शिकलेला आहे की नाही, हे पेशंटला कळूच शकत नाही. तो तेव्हा भुलीखाली असतो. हॉस्पिटलची वागणूक, दुखणं, फोन उचलला की नाही, हे मात्र त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

म्हणून आधी शिक्षण. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत एम.एस. ३ वर्षं आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. आणखी ३ वर्षं, किंवा त्याच विषयातली डीएनबीची (आता डीआरएनबी) पदवी. पाटीवर 'कॉस्मेटिक सर्जन' किंवा 'एस्थेटिक मेडिसिनमध्ये फेलोशिप' असं असेल, तर ते याच्या बरोबरीचं नाही, लिहिणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे. त्यावरून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव आणि नोंदवलेली पदवी तपासता येते. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं, तेही झालेलं आहे का बघायचं.

बहिणीने तिथेच बसून तपासलं. क्लिनिकच्या पावतीवर क्रमांकच नव्हता. फोन करून विचारलं तर, "सर आल्यावर सांगतो, तोवर डेट ब्लॉक करा." आणि ती तारीख त्यांनी कशावरून दिली होती? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दोन फोटोंवरून. छातीला हात न लावता.

हे आम्हाला सगळ्यात गंभीर वाटलं. फोटोत चरबी आणि ग्रंथी वेगळी दिसत नाही, ती चिमटीत धरूनच कळते. नुसती चरबी ओढून काढली आणि ग्रंथी राहिली, तर निप्पलमागचा फुगवटा तसाच राहतो. 'टाके नाहीत' म्हणणाऱ्या स्वस्त पॅकेजमध्ये हा धोका मोठा असतो. उलट ग्रंथी पार खरवडून काढली तर निप्पल आत ओढलं जातं आणि वाटीसारखा खड्डा पडतो, म्हणून निप्पलखाली एक थर मुद्दाम ठेवतात. शिवाय तपासणीत डॉक्टरने औषधं विचारायला हवीत (केस गळण्याच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, जिममधले स्टेरॉइड), अंडकोष तपासायला हवेत आणि गरज वाटली तर हार्मोनच्या चाचण्या सांगायला हव्यात. कारण आत दुसरंच काही असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही.

मग रिव्ह्यूंची पाळी. सगळे ४० कागदावर उतरवले आणि पेन्सिलने खोडत गेलो. ऑपरेशनच्या दहा दिवसांच्या आत लिहिलेले खोडले: तेव्हा सूज असते, पट्टा असतो, निकाल कुणालाच दिसत नाही. "स्टाफ खूप चांगला, एसी वेटिंग" एवढंच असलेले खोडले. कोणतं ऑपरेशन ते न सांगणारे खोडले. सूट घेऊन व्हिडिओ केलेले तर आधीच गेले; पेशंट ओढण्यासाठी अशी जाहिरात २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत बसत नाही. उरले ५.

त्यातले दोन आम्ही समोरासमोर ठेवले. क्लिनिकबद्दल एकाने लिहिलं होतं: पहिल्याच रात्री डावी बाजू टणक झाली, फुगली, ठणकली, दिलेला नंबर सकाळी नऊपर्यंत बंद, शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो. सर्जनबद्दल एकाने तीन स्टार देऊन लिहिलं होतं: रात्री एक वाजता सूज वाढली, डॉक्टर आले, पुन्हा थिएटरमध्ये नेऊन साठलेलं रक्त काढलं, वेगळे पैसे घेतले नाहीत, पण दोनदा भूल घ्यावी लागली म्हणून दोन स्टार कापले.

"हा दुसरा तर म्या सगळ्यात वाईट म्हणून ठेवला होता," तो म्हणाला.

दोघांना झालं एकच. हिमॅटोमा, म्हणजे आत रक्त साठणं. चांगल्या हातातही होतं, बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि लवकर काढावं लागतं. फरक पडला रात्री एक वाजता. अनुभवात शोधायचं ते हेच: बिघडल्यावर कोण आलं, किती वेळात, आणि पैशांचं काय केलं. अर्थात तो रिव्ह्यू खराच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे तीच गोष्ट डॉक्टरला तोंडावर विचारायची. "तुमच्या किती पेशंटना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं?" कुणी "आमच्याकडे असं कधी होतच नाही" म्हणालं, तर एकतर ऑपरेशनं मोजकीच झालेली असतात किंवा उत्तर खरं नसतं. तसंच सहा महिने उलटून गेलेल्या दोन पेशंटशी, त्यांच्या परवानगीने, बोलता येईल का हेही विचारावं. फोटो दाखवले तर ते एकाच उजेडात, एकाच अंतरावरून, समोरून आणि बाजूने काढलेले हवेत. हात वर केलेल्या फोटोत छाती आपोआप सपाट दिसते.

हॉस्पिटलमधल्या सर्जनकडे त्याने चार प्रश्न कागदावर लिहून नेले: ऑपरेशन तुम्हीच करणार का, भूलतज्ज्ञ कोण, ९० हजारांत काय काय आलं, आणि रात्री फोन कुणाला. उत्तरं लिहूनच आणली. थिएटर, भूल, दाबाचं जॅकेट, काढलेल्या ग्रंथीची तपासणी आणि सगळी ड्रेसिंग आत. आकारासाठी वर्षभरानंतर दुरुस्ती लागली तर खर्च वेगळा. विमा कंपनीने नकार दिला होता, तो या ऑपरेशनला बहुतेकदा येतोच. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतही दुसरं मत घ्यायला तो जाऊन आला. रांग मोठी होती, पण तिथेही ग्रंथी आणि चरबी दोन्ही काढावी लागेल असंच सांगितलं, आणि त्याचा जीव थोडा खाली बसला.

एक गोष्ट मात्र त्याने दोन्हीकडे लपवली होती. खर्रा, म्हणजे तंबाखू आणि सुपारी घोटून केलेलं मिश्रण. दिवसाला दोन पुड्या, सहा वर्षं. बहीण शेजारी बसलेली असताना "तंबाखू?" विचारलं की "नाही" म्हणायचा. आपल्या विदर्भात हे इतकं नेहमीचं आहे की पेशंटला ते व्यसन वाटतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कातडीला आणि निप्पलला रक्त कमी पोहोचतं, जखम भरत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे पूर्ण बंद. सुपारीचा त्रास आणखी वेगळा आहे. तोंड उघडणं कमी होतं आणि भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच बघता येतं. याची दोनच जात होती. बहिणीला पाच मिनिटं बाहेर बसवलं तेव्हा तो हे बोलला. पुढच्या भेटीत डॉक्टरला त्याने स्वतःच सांगितलं, आणि भूलतज्ज्ञाने त्याला आधी दंतवैद्याकडे पाठवलं.

आमच्या बाजूने एक तपासणी राहिली होती, तीही केली. रोज तासभराहून जास्त वेळ आरशात जातो का, दुसऱ्याला न दिसणारा दोष याला दिसतो का, या ऑपरेशननंतर लगेच दुसरं काही डोक्यात आहे का. तसं असेल तर ऑपरेशनने समाधान मिळत नाही, आधी मनावर उपचार लागतो. याचं तसं नव्हतं. दोष डॉक्टरांनाही दिसत होता, आणि त्याची मागणी एकच होती: एका बनियनवर ऑफिसला जाता यावं.

तारीख डिसेंबरची घेतली. दाबाचं जॅकेट चार ते सहा आठवडे जवळजवळ चोवीस तास घालावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात घामाने पुरळ उठतं, लोक ते काढून ठेवतात, मग सूज आणि पाणी साठतं. त्याने दोन जॅकेट घेतली, एक धुवायला एक घालायला. तोवर आई-बाबांना सांगून झालं होतं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी सुट्टीचा अर्ज टाकून आले.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी उजवीकडे पाणी साठलं. सुईने दोनदा काढावं लागलं. निप्पलची संवेदना अडीच महिन्यांनी परतायला लागली. सहा आठवडे झाले तेव्हाच त्याला पाच स्टार द्यायचे होते. जून येऊ द्या, म्हटलं. तेव्हा सूज पूर्ण उतरलेली असेल. मसुदा मोबाइलमध्ये आहे: सर्जनचं आणि भूलतज्ज्ञाचं नाव, बिलाचा आकडा, दोनदा काढलेलं पाणी, रात्री केलेला एक फोन आणि तो उचलायला लागलेली वेळ. स्टारची जागा रिकामी आहे.