बदलापुरात पहिलं घर घेताय? आधी एवढं बघा

सँपल फ्लॅट छान दिसतोय, पण सध्या तो बाजूला ठेवा आणि आधी परिसर बघा. फरशी, रंग नंतरही बदलता येतात. पाणी आणि रस्ता आपल्या हातात नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. बिल्डरच्या माणसाला नको, शेजारच्या जुन्या इमारतीतल्या बायकांना आणि वॉचमनला विचारा: नळाला किती वेळ पाणी येतं? मे महिन्यात टँकर मागवावे लागतात का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच धरतात की वेगळे? इमारत उल्हास नदीच्या बाजूला असेल तर २००५ आणि २०१९च्या जुलैत पाणी कुठवर चढलं होतं, तेही विचारा. २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात, बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली होती. तळमजल्यावरचे जुने दुकानदार भिंतीवर हात ठेवून पातळी दाखवतात.

मग स्टेशन. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने उतरा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा आणि इमारतीपर्यंत किती वेळ लागतो ते बघा.

नवखे लोक हमखास करतात त्या चुका:
- फक्त रविवारी दुपारी साइट बघणं.
- ‘होणार आहे’ म्हणून सांगितलेल्या शाळेसाठी, पुलासाठी जास्त भाव देणं. आज चालू आहे तेवढंच धरा.
- भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, न काढणं.

कागदांपैकी आत्ता दोनच: महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरची प्रकल्पाची नोंद आणि इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला. कर्जाचं नंतर बोलू. या शनिवारी पाण्याची चौकशी करून या, बाकी मी आहेच.