पाया पडू नकोस

अरे बाळा,

परवा चार भिंतीच्या टेकडीवर तू तासभर शेंगा सोलत बसलास आणि एक दाणा तोंडात टाकला नाहीस. त्या माणसानं लहानपणी तुझ्याशी काय केलं, एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंस काय, तर ताईच्या लग्नात त्यांच्या पाया पडू का नको. नको पडू. विषय संपला.

आईला काय वाटेल, पाहुणे काय म्हणतील हे मला सांगू नको, मी वीस वर्षं तेच केलंय. आमच्या सोमवार पेठेतल्या घरी मावशीचे मिस्टर आले की आई म्हणायची पाया पड, की मी पडायचो, आणि डोक्यावर ठेवायला यायचा तो हात तोच. नववीपर्यंत मी अंथरूण ओलं करायचो, आईनं मारुतीला नवस बोलला, पण पोरगं असं का करतंय हे कुणी विचारलं नाही.

आणि ते 'मी तर मुलगा, माझं काय एवढं' बंद कर आधी. 2007 साली केंद्र सरकारनं 13 राज्यांत पोरांनाच विचारून पाहणी केली, निम्म्याहून जास्त पोरांनी कसला ना कसला लैंगिक त्रास सांगितला, त्यात मुलं मुलींपेक्षा थोडी जास्तच. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा पण मुलगा-मुलगी बघत नाही. केस करायची का ते तू ठरव, मी ढकलणार नाही. पण त्यांच्या घरात आता लहान नात आहे म्हणालास, तिथं मी गप्प बसणार नाही, कायद्यानं बसताही येत नाही. 1098 ला, मुलांच्या हेल्पलाईनला, मी फोन करतो, तुझं नाव येणार नाही.

रात्री तीनला छाती धडधडली की मला उठव, मी नाही उचलला तर 14416 लाव, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिममध्ये दोन तास घाम गाळून हे जात नसतं रे, मी तालमीत घालवून बघितलंय.

मावशीचे मिस्टर वारले तेव्हा मी माहुलीला अंत्यविधीला गेलो नाही. आई आठ महिने बोलली नाही. मेलेल्याशी कसलं वैर म्हणे, अरे वैर नव्हतंच, मला परत वाकायचं नव्हतं एवढंच. आईला खरं सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण तिची सत्तरी, बीपीची गोळी, बहीण नुकती विधवा झालेली, कुठल्या तोंडानं सांगणार होतो, तूच सांग. आता ती पण नाही. जाऊ दे.

लग्नाला मी येतोय. कुणी म्हणालं पाया पड, की म्हणायचं काकांना, म्हणजे मला, स्टँडवर सोडून येतो, आणि गाडी काढायची. मी चप्पल दारातच ठेवतो.