शहरात नवी प्रजाती तयार होते का?

लंडनच्या भुयारी रेल्वेत दीडशे वर्षांत डासाची नवी प्रजाती तयार झाली हे खरं का, आणि शहरात असं घडतं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय.

डास खरा आहे, दीडशे वर्षं खरी नाहीत. जमिनीवर राहणारा क्युलेक्स पिपियन्स डास मुख्यतः पक्ष्यांना चावतो, त्याचे नर उघड्यावर घोळका करून घिरट्या घालतात तेव्हाच मीलन होतं, आणि थंडीत माद्या निपचित पडून राहतात. भुयारातला मोलेस्टस माणसाला चावतो, चिंचोळ्या जागेतही जोडी जमवतो आणि बारा महिने वाढतो. त्याची मादी पहिली अंडी रक्त न पिताच घालते, अळी असताना साठवलेल्या अन्नावर. (आपल्या गटारातला क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस याच गटातला, पण त्याच्या मादीला रक्त लागतं.)

भुयारी रेल्वे सुरू झाली 1863 साली. मोलेस्टसचं वर्णन मात्र फोर्स्काल या निसर्गअभ्यासकानं इजिप्तमधून केलेलं, ते 1775 मध्ये छापलं गेलं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही त्याचा उगम भूमध्य समुद्राच्या आसपास, हजार वर्षांहून आधीचा निघाला. म्हणजे हे गुण अंगी घेऊनच तो भुयारात उतरला.

शहरात झपाट्यानं काय बदलतं, ते फ्रान्समधल्या माँपेलिएच्या फुटपाथवर दिसतं. तिथे झाडांच्या आळ्यांत क्रेपिस सँक्टा नावाचं तण उगवतं. त्याला दोन प्रकारचं बी येतं: एक हलकं, म्हातारीसारखं उडणारं, दुसरं जड, तिथेच पडणारं. उडालेलं बी बहुतेक काँक्रीटवर पडून वाया जातं. त्याच आळ्यात रुजण्याची त्याची शक्यता जड बीपेक्षा 55 टक्क्यांनी कमी भरली. हिशेबानं 5 ते 12 पिढ्यांत शहरातल्या या तणात जड बीचं प्रमाण वाढलं. ही उत्क्रांती आहेच, पण प्रजाती तीच.

नवी प्रजाती म्हणायला दोन गटांतली जनुकांची देवाणघेवाण थांबावी लागते. ती थांबली का हे तपासायला आधी दोन्ही गट एकाच तापमानाला, एकाच अन्नावर निदान दोन पिढ्या वाढवायचे. हे टाळलं तर केवळ खाण्यापिण्याचा किंवा उष्णतेचा परिणाम आनुवंशिक फरक वाटतो. मग संकर दोन्ही बाजूंनी करायचा: शहरी नर आणि रानातली मादी, तसंच उलटही. पिल्लं नुसती जन्मून भागत नाही, त्यांनाही पिल्लं झाली पाहिजेत.

डासांत इथेच फसगत होते. वोल्बाकिया हा जिवाणू अंगात असलेल्या नराचा संयोग तो नसलेल्या मादीशी झाला तर अंडी फुटतच नाहीत, आणि जनुकं जुळत असूनही प्रजाती वेगळी वाटते. म्हणून दोन्ही गटांना आधी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन तो काढून टाकतात. औषधाचा स्वतःचा परिणाम ओसरावा म्हणून मध्ये एक-दोन पिढ्या जाऊ देतात आणि मगच जोड्या लावतात.

प्रयोगशाळेत संकर झाला म्हणून बाहेर होतोच असं नाही, त्यामुळे शेवटी शेजारशेजारच्या जागांवरून नमुने घेऊन डीएनएत संकरित किती सापडतात ते मोजावंच लागतं. मोलेस्टस आणि पिपियन्सचे संकर दक्षिण युरोपात आणि अमेरिकेत सापडतात. ते पक्षी आणि माणूस दोघांनाही चावतात, आणि वेस्ट नाइल विषाणू पक्ष्यांतून आपल्यात येतो तो अशा, दोघांनाही चावणाऱ्या डासांमार्फत.