वाचकांचे प्रश्न : कुत्र्यांसोबतची दौड आणि संशोधनाचा निधी

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाने येत्या थंडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर कुत्र्यांसोबत तीन किलोमीटरची हौशी दौड भरवून, प्रवेशशुल्काची रक्कम कुत्र्यांच्या आजारांवरील संशोधनासाठी द्यायचे ठरविले आहे. वडीलधारी मंडळी मात्र विचारतात, की माणसांच्या दवाखान्यांना पैसा पुरत नाही, तेथे कुत्र्यांच्या संशोधनाला कशासाठी? शिवाय एवढ्याशा रकमेने काय साधणार?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. कुत्र्यांचे बरेचसे आजार आपल्या आजारांच्या भाऊबंदांपैकीच असतात. हाडांचा कर्करोग मोठ्या चणीच्या कुत्र्यांमध्ये माणसांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, आणि कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचे असल्यामुळे आजाराची जी वाटचाल माणसांत समजून घेण्यास दशके जातात, ती येथे थोड्या वर्षांत डोळ्यांसमोर घडते. काही डोबरमन कुत्री खेळता खेळता एकाएकी गळून पडत. त्यांचा माग काढत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९९ साली त्यामागचा जनुकीय दोष शोधून काढला आणि माणसांतील अतिनिद्रेच्या विकाराचे कोडे सुटण्यास त्याचा मोठा उपयोग झाला. ज्या आवारात एके काळी जनावरांच्या अंगावर वाढवून देवीची लस तयार होत असे, तेथेच ही दौड होत आहे, एवढेही वडीलधाऱ्यांना सांगून पाहावे. जनावरांशी संबंधित विद्येचा माणसांना काय उपयोग, हे बेळगावकरांना निराळे समजावण्याची गरज पडू नये.

रकमेविषयी आपली शंका खरी आहे. एका दौडीच्या पैशातून नवे औषध निघत नाही. परंतु संशोधनाला पैशाइतकीच निकड असते ती नीट ठेवलेल्या नोंदींची, आणि त्या आपण देऊ शकता. अमेरिकेतील मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनने २०१२ साली तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा जन्मभर पाठपुरावा करण्याचे काम हाती घेतले. त्यात दरवर्षी कुत्र्याची तपासणी होते, रक्त, लघवी, केस आणि नखे यांचे नमुने जपून ठेवले जातात आणि तो काय खातो, कोठे झोपतो, घरात कोणती कीटकनाशके फवारली जातात, हे मालक वर्षानुवर्षे लिहून देतात. कर्करोग झाल्यावर मागे वळून आठवण्यापेक्षा तो होण्याआधीपासून लिहून ठेवणे, एवढाच त्यातला साधा पण कष्टाचा मुद्दा आहे. तेव्हा नावनोंदणीच्या टेबलावर पावतीपुस्तकाशेजारी एक वही ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवीन. कुत्र्याची जात, वय, वजन, लसींच्या तारखा, गोचीडताप किंवा पार्वो (विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा आजार) होऊन गेला काय, एवढे मालकाच्या संमतीने लिहून घ्यावे. मात्र कोणती माहिती उपयोगी पडेल, हे पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणकारांना आधी विचारावे, नाहीतर वही कपाटात पडून राहील.

पैसे कोठे द्यावेत, तर फार लांब पाहण्याचे कारण नाही. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे आणि ज्याला आपल्या खेड्यांत आजही कारवान म्हणतात, त्या मुधोळ जातीचे संवर्धन तेथे चालते. याच जातीचे टपाल तिकीट २००५ साली निघाले होते. अंगावर चरबी नसलेल्या ग्रेहाउंडसारख्या जातींना काही भूलऔषधे उतरण्यास फार वेळ लागतो, हे पशुवैद्यांना ठाऊक आहे. त्याच बांध्याच्या कारवानावर शस्त्रक्रिया करताना नेमके काय घडते, याच्या नोंदींसाठी निधी दिला, तर ते काम आपल्या भागाचेच ठरेल. देणगी स्वीकारण्याची रीत लेखी विचारून घ्यावी आणि ‘संशोधनासाठी’ असे मोघम न लिहिता कामाचे नाव लिहावे.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांचा कारवान आहे आणि बहिणीकडे एक पग. दोघांनाही अशा दौडीत न्यावे काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : कारवानाला न्यावे, पगला मैदान दाखवून सावलीत बसवावे. चपट्या नाकाच्या जातींना श्वास पुरत नाही, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नसल्याने धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकावी लागते. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, हिरड्या गडद लाल झाल्या, लाळ घट्ट होऊन तार धरू लागली, की तेथेच थांबावे, पोटाखाली व पायांवर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि तडक डॉक्टरांकडे न्यावे. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर जीवावर बेतते. तीन किलोमीटर एका लयीत धावणे कारवानाला सवयीनेच जमते, म्हणून महिनाभर आधीपासून अंतर हळूहळू वाढवावे. त्याचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसल्याने साध्या पट्ट्यातून ते सहज निसटते. रुंद पट्टा किंवा छातीचा पट्टा घ्यावा, कारण समोरून मांजर गेले तर आपली हाक त्याच्या कानावर पडत नाही. आधीचे तीन तास पोटभर खाऊ घालू नये. वर्षाच्या आतले पिल्लू धावण्यासाठी नेऊ नये, आणि लसी पूर्ण न झालेले तर मैदानात आणूच नये, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. घरी परतल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या पाळ्या उलटून पाहाव्यात. गवतातून आलेली गोचीड तेथेच दडते.

प्रश्न : दौडीसाठी मार्च-एप्रिलमधला रविवार सोयीचा पडेल काय? आणि देणगी रोख घ्यावी काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मार्च-एप्रिल नको. डिसेंबर किंवा जानेवारीत सकाळी सातला सुरू करून नऊच्या आत आटोपावे. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी; आपल्याला सोसवत नसेल, तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमा धनादेशाने थेट संस्थेच्या नावे घ्याव्यात, आणि मंडप, पाणी, बिल्ले यांचा खर्च वजा करून किती रक्कम पोहोचविली, तो हिशेब पंधरा दिवसांत मंडळाच्या फलकावर लावावा.