लाल दिवा लागण्याआधी : रेडविषयी वाचकांचे प्रश्न

(रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या वापरणं. त्याच्या पुढचा आकडा बांधणीची पद्धत सांगतो.)

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. चार खणांचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा) आणि ८ टीबीच्या चार डिस्क घेतोय. दुकानदार रेड ५ लावा म्हणतो, मित्र रेड १० सांगतो. काय करू?

उत्तर : रेड ६ लावा. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेली माहिती परत काढण्याच्या हिशोबाला, जाते आणि २४ टीबी हाताशी राहतात. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जाते, १६ टीबी उरतात. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या करून जोडीतल्या दोन्हींवर तीच माहिती लिहितात, तिथेही १६च. दुकानदार त्या २४ च्या आकड्याकडे बघून बोलतोय.

पॅरिटी एकदा समजून घ्या. तीन डिस्कवर एकाच जागी १, ०, १ असे बिट आहेत. चौथीवर असा बिट लिहायचा, की एकांची संख्या सम यावी, इथे ०. आता दुसरी डिस्क गेली. उरले १, १ आणि ०. एक दोनदा आलाय, संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला बिट ० होता. हेच गणित प्रत्येक बिटासाठी करून नवी डिस्क भरायची (याला रीबिल्ड म्हणतात), तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी वेग धरला तरी ८ टीबीला पंधरा तास लागतात, आणि स्टुडिओचं काम चालू असेल तर त्याहून बरेच जास्त. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात शंभर लाख कोटी बिटांमागे वाचनाची एखादी चूक धरलेली असते, म्हणजे साधारण १२.५ टीबीला एक. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या चालतात. पण तुम्ही २४ टीबी वाचणार, आणि त्या वेळी रेड ५ कडे दुसरा आधार नसतो. रेड ६ मधल्या कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी भागतं. रेड १० मध्ये दुसरी जाणारी डिस्क पहिलीचीच जोडीदार निघाली, तर सगळं गेलं. रेड १० लिहिण्यात वेगवान आहे हे खरं, पण एडिटिंग एसएसडीवर करून झालेलं काम नॅसवर टाकलंत, तर तुम्हाला त्या वेगाची गरज पडत नाही.

डिस्क घेताना ‘सीएमआर आहे का’, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी आहे का, हे नक्की विचारा. एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक कौल बदलायला शेजारची उचकटावी लागतात, तसंच इथे होतं आणि रीबिल्ड रखडतं. शिवाय चारही डिस्क एकाच बॅचच्या घेऊ नका.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं मशिन शॉप आहे. टॅली आणि ड्रॉइंगसाठी दोन डिस्कचं रेड १ केलंय, दोन्हींवर तीच माहिती राहते. आता रोजचा बॅकअप बंद केला तर चालेल ना?

उत्तर : अजिबात नको. कळकळीनं सांगतो, कारण हा फटका मी स्वतः खाल्लाय. चुकीचा फोल्डर पुसला आणि तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेला. १९८८ साली बर्कलेत पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती स्वस्त डिस्क एकत्र करून महाग डिस्कचं काम घेण्यासाठी. डिस्क मोडेल हे त्यांनी धरलं होतं. माणसाच्या चुकीवर किंवा फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसवर रेड हा उपाय नाही. डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढंच रेडचं काम. तेव्हा रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली टॅलीची कंपनी उघडूनही बघा.

प्रश्न : ८ टीबीची डिस्क विंडोजवर ७.२७ दिसते. फसवलं का?

उत्तर : नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

प्रश्न : इचलकरंजीत आमचं कापडाच्या डिझाइनचं ऑफिस आहे. रेड ५ मधल्या एका डिस्कचा लाल दिवा लागलाय, पण सगळं चालू आहे. दिवाळीची घाई संपल्यावर बदलली तर चालेल?

उत्तर : आजच बदला. सगळं चालू दिसतंय, पण राखीव आधार संपलाय. आणखी एक डिस्क गेली की सगळ्या फायली गेल्या. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा, रीबिल्ड त्यानंतर. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी.

डिस्क काढताना नुसत्या खणाच्या क्रमांकावर जाऊ नका. काही डब्यांत मोजणी शून्यापासून असते, काहींत एकापासून. अशा गोंधळात चांगली डिस्क ओढून काढलेली मी पाहिलीय. स्क्रीनवर बिघडलेल्या डिस्कचा सीरियल नंबर दिसतो, तो लिहून घ्या आणि डिस्कच्या लेबलशी ताडून बघा. शेवटची चार अक्षरं पट्टीवर लिहून प्रत्येक ट्रेच्या तोंडाला चिकटवा. स्क्रीनवर ‘इनिशियलाइज’ची, म्हणजे सगळं पुसून नव्यानं सुरू करण्याची, विचारणा आली तर हो म्हणू नका.

प्रश्न : पंचगंगेजवळ तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. पुराच्या दृष्टीनं काय करावं?

उत्तर : २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. पाण्यात चारही डिस्क एकदमच जातात, तिथे रेड ६ सुद्धा हात टेकतो. नॅस वरच्या मजल्यावर हलवा आणि यूपीएसला जोडा. नॅसची यूएसबी वायर यूपीएसला लावून नॅसमधलं यूपीएसचं सेटिंग चालू केलं, की बॅटरी संपत आल्यावर तो स्वतःहून नीट बंद होतो. एक प्रत गावाबाहेर, उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि दर आठवड्याला बदला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं, की त्याच दिवशी नॅस रीतसर बंद करून डिस्क क्रमाने काढा, गुंडाळा आणि घेऊन निघा.