पोटातल्या बाळाचे ठोके जास्त? तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. मे महिन्यात 9 तारखेच्या सरकारी तपासणीला भर उन्हात नेली, तर बाळाचे ठोके 172 आले. नर्सताई म्हणाल्या, तालुक्याला दाखवा. तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागत नाही.
– एक सासूबाई, रावेर तालुका

उत्तर : मावशी, आधी जेवून घ्या. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात. 160 च्या वर ते सलग दहा मिनिटं राहिले तरच त्यांना जास्त म्हणायचं. बाळ हललं की ठोके थोडा वेळ चढतात आणि उतरतात, त्यामुळे घाईत एकदाच ऐकलेल्या 172 वरून काही ठरत नाही. नर्सताईंचा सल्ला मात्र योग्य आहे, तो पाळा.

तिथे आधी आईला तपासतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. अंगातलं पाणी कमी झालं किंवा ताप आला की आईची नाडी वाढते, आणि बाळाचीही. तिला सावलीत डाव्या कुशीवर झोपवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोटाघोटाने पाजा. ताप मोजा आणि तास-अर्ध्या तासाने ठोके पुन्हा ऐकायला सांगा. ताप 100.4 च्या वर असेल तर लघवी आणि मलेरियाची तपासणी हवीच. पॅरासिटामॉलने ताप उतरेल, पण त्याचं कारण तसंच राहील. तापासोबत अंगावरून पाणी जात असेल, तर पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी रात्र काढू नका.

तिच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. पोट दुखतं म्हणून दिलेली आयसॉक्सुप्रिन आणि दम्याचं साल्ब्युटामॉल, दोन्हींनी बाळाचे ठोके वाढतात. थायरॉइड वाढल्याचा आजार पूर्वी होऊन गेला असेल, ऑपरेशन झालेलं असेल, तरीही सांगा. त्या आजारातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) आईच्या रक्तात उरतात आणि वारेतून बाळापर्यंत जातात.

या सगळ्या कारणांनी ठोके साधारण 200 च्या आत राहतात आणि वरखाली होत असतात. मूळ कारण दूर केलं की ते उतरतात. हृदयाचं औषध लागत नाही.

प्रश्न : मला तिसावा आठवडा आहे. बाळाचे ठोके 230 आहेत, तो आकडा खाली-वर होतच नाही. मोठ्या दवाखान्यात फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी केली. आता मलाच हृदयाच्या गोळ्या सांगितल्या आहेत. माझं हृदय तर ठणठणीत आहे!
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, औषध बाळासाठीच आहे. ते बाळापर्यंत तुमच्या रक्तातून आणि वारेतून पोचतं, म्हणून गोळी तुम्ही घ्यायची.

220 च्या पुढे एकाच आकड्यावर अडकलेले ठोके उन्हाने किंवा तापाने होत नाहीत. हृदयातल्या विजेला आडवाट सापडते आणि ती तिथेच गोल फिरत राहते. पोटातल्या बाळाचा ईसीजी नेहमीसारखा काढता येत नाही, म्हणून इकोमध्ये वरचा आणि खालचा कप्पा एकाच वेळी पाहून ठोके जुळवतात. वर एक, खाली एक असेल तर बहुधा हाच प्रकार. वर साडेचारशेच्या आसपास आणि खाली त्याच्या निम्मे असतील तर तो फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्याचे फार वेगाने पडणारे ठोके. ठोके अधूनमधूनच चढत असतील आणि हृदय नीट काम करत असेल, तर नुसती नजर ठेवूनही चालतं. सतत इतके राहिले तर हृदयाला भरायला वेळ मिळत नाही, ते थकतं, आणि बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं. ती वेळ येऊ नये म्हणून औषध.

डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड किंवा सोटालॉल ही नेहमीची औषधं. ती दवाखान्यात दाखल होऊनच सुरू करायची, कारण ती तुमच्याही हृदयावर काम करतात. आधी तुमचा ईसीजी, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि किडनीची तपासणी होते. डिगॉक्सिनची रक्तातली पातळीही पाहतात. मळमळ, जेवणावरची वासना उडणं, पिवळसर दिसणं ही ते जास्त झाल्याची खूण. गरोदरपणात मळमळायचंच, असं म्हणून सोडू नका. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटलं की तेच डिगॉक्सिन बाधतं. गोळी उलटून पडली तर मनाने दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

बाळाच्या अंगात पाणी साठलं असेल तर डिगॉक्सिन वारेतून नीट पोचत नाही. मग दुसरं औषध देतात किंवा सोबत जोडतात. ठोके ताळ्यावर आल्यावरही ते पाणी ओसरायला काही आठवडे लागू शकतात.

‘मग सिझर करून बाळ बाहेरच काढा की,’ असं घरचे म्हणतील. तिसाव्या आठवड्यात ते बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, त्यात थकलेलं हृदय. 37 आठवडे भरत आले असतील तर गणित बदलतं. ठोके आटोक्यात राहिले तर नॉर्मल बाळंतपणही होऊ शकतं. मात्र ते नवजात बाळांचा विभाग असलेल्या ठिकाणीच करा. जन्मानंतर बाळाचा ईसीजी हवा. काही बाळांना काही महिने औषध लागतं, आणि बऱ्याच जणांचा त्रास पहिल्या वर्षात थांबतो.

प्रश्न : ठोके जास्त म्हणजे मुलगी, हे खरं का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. नवव्या आठवड्याच्या सुमाराला मुलगा असो की मुलगी, ठोके 170 च्या आसपास असतात आणि पुढे उतरतात. आणि लिंग विचारणं, सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : घरी ठोके ऐकायचं छोटं मशीन मागवलं आहे. रोज ऐकू का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नको. त्यात आईची नाडीच बाळाची म्हणून ऐकली जाते. फार वेगवान ठोके काही मशीन निम्मेच मोजतात, म्हणजे 240 चे 120 दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. दवाखान्यातल्या मशीनचंही असं होऊ शकतं, म्हणून शंका आली की तिथे कानाने ऐकून किंवा सोनोग्राफीवर पडताळतात. 28 आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर मशीन न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीची सोय नसेल तर 108 ला फोन करा.