२०१७ च्या मोसमात यूसीएफचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकूनही राष्ट्रीय विजेता का ठरला नाही?

कारण त्यांना प्लेऑफमध्ये (विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत) घेतलंच नव्हतं. कॉलेज अमेरिकन फुटबॉलमध्ये तेव्हा निवड समिती फक्त चार संघ निवडायची, आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या (म्हणजे यूसीएफच्या) संघाला तिने १२ वं स्थान दिलं. त्यांची कॉन्फरन्स (म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या संघांचा गट) लहान, म्हणून प्रतिस्पर्धी दुबळे मानले गेले. मला हा सरळ अन्याय वाटतो. दोनच वर्षांपूर्वी, २०१५ मध्ये, हाच संघ १२ च्या १२ सामने हरला होता! शिवाय १ जानेवारी २०१८ ला पीच बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. अंतिम सामना खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही नोव्हेंबरमध्ये हरवणारा संघ तो हाच ऑबर्न. अर्थात जॉर्जियाने नंतर ऑबर्नवर परतफेड केली होती, हेही खरं. अलाबामाने अंतिम सामना जादा वेळेत २६-२३ असा जिंकला.

मात्र ‘विजेता नाही’ हे पूर्णपणे खरं नाही. कोली मॅट्रिक्स या संगणकीय क्रमवारीत यूसीएफ पहिला होता आणि एनसीएए या अमेरिकी कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या विक्रमपुस्तिकेत त्याची नोंद आहे. त्याच आधारावर विद्यापीठ विजेतेपदाचा दावा करतं. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात.